मार्गारेट ओकली डेहॉफ पुरस्कार

मार्गारेट ओकली डेहॉफ पुरस्कार हा अमेरिकेतील बायोफिजिकल सोसायटी या संस्थेतर्फे दिला जाणारा विज्ञान पुरस्कार आहे. जीवभौतिकीच्या क्षेत्रात संशोधनाच्या प्रारंभीच्या टप्प्यावर असलेल्या आणि विशेष गुणवत्ता दाखविणाऱ्या महिला शास्त्रज्ञांना तो देण्यात येतो. प्रथिनांच्या क्रमांचा पहिला व्यापक संग्रह तयार करणाऱ्या आणि संगणकीय जीवशास्त्राच्या आद्य प्रवर्तकांमध्ये गणल्या जाणाऱ्या मार्गारेट ओकली डेहॉफ (११ मार्च १९२५ – ५ फेब्रुवारी १९८३) यांच्या स्मरणार्थ १९८४ मध्ये उभारलेल्या निधीतून हा पुरस्कार सुरू झाला. संस्थेच्या वार्षिक अधिवेशनात तो प्रदान केला जातो. त्यासोबत २,००० डॉलरचे मानधन ठेवण्यात आले. रक्कम फार मोठी नाही. परंतु कायम नेमणुकीच्या उंबरठ्यावर असलेल्या संशोधकाच्या नावापुढे हा उल्लेख लागणे यालाच अधिक महत्त्व आहे, आणि अमेरिकेतील जीवभौतिकीच्या प्रमुख सन्मानांमध्ये या पुरस्काराची गणना होते.

पात्रतेचे नियम

पुरस्कारासाठी उमेदवार महिला असावी, तिच्या संशोधनाचा विषय बायोफिजिकल सोसायटीच्या कार्यकक्षेत यावा, आणि शैक्षणिक जगताच्या रचनेत तिला अद्याप मोठी मान्यता मिळालेली नसावी, असा या नियमांचा गाभा आहे. म्हणजे पुरस्कार सिद्ध झालेल्या कीर्तीला नसून दिसू लागलेल्या सामर्थ्याला आहे. सोसायटीचे सदस्यत्वही आवश्यक मानलेले आहे.

'प्रारंभीचा टप्पा' म्हणजे नेमके काय, हा अशा प्रत्येक पुरस्कारापुढील अवघड प्रश्न असतो. अनेक संस्था त्याचे उत्तर वयाने देतात: पस्तिशीच्या आत किंवा चाळिशीच्या आत. डेहॉफ पुरस्काराच्या नियमांत वयाचा उल्लेख नाही. पीएच.डी. किंवा समकक्ष पदवी मिळाल्यानंतर पूर्णवेळ कामाचे दहावे वर्ष पूर्ण होईपर्यंत, अथवा कायम नेमणूक मिळेपर्यंत, उमेदवार पात्र राहते. उच्च पदवी नसलेल्या, केवळ स्नातक असलेल्या महिलाही पदवीनंतर बारा वर्षांपर्यंत पात्र धरल्या आहेत. विज्ञान पुरस्कारांच्या जगात ही तरतूद विरळाच म्हणावी लागेल.

या नियमांत आणखी एक वाक्य आहे. व्यावसायिक कामात दीर्घ खंड पडल्यामुळे कारकिर्दीची स्वाभाविक वाटचाल थांबली असेल, तर खंडाचा काळ वगळून प्रत्यक्ष कामाची एकूण दहा वर्षे मोजावीत, असे ते सांगते. कार्यालयीन भाषेतली ही एक ओळ वाचणाऱ्याच्या नजरेतून सहज निसटते. ती तिथे का आहे, हे मात्र ज्यांच्या नावाने पुरस्कार आहे त्यांच्या आयुष्याकडे पाहिल्यावर स्पष्ट होते.

डेहॉफ यांची कारकीर्द

मार्गारेट ओकली यांचा जन्म फिलाडेल्फिया येथे झाला. त्या दहा वर्षांच्या असताना कुटुंब न्यू यॉर्क शहरात आले. बेसाइड हायस्कूलमधून १९४२ मध्ये त्या सर्वप्रथम क्रमांकाने उत्तीर्ण झाल्या आणि १९४५ मध्ये न्यू यॉर्क विद्यापीठाची गणितातील पदवी त्यांनी मिळवली. त्यानंतर कोलंबिया विद्यापीठात जॉर्ज किंबॉल यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी क्वांटम रसायनशास्त्रात संशोधन केले. अनेक वलये असलेल्या सेंद्रिय रेणूंची संस्पंदन ऊर्जा काढण्यासाठी त्यांनी पंचकार्डांवर चालणारी व्यावसायिक यंत्रे वापरली. हिशेबनिसांसाठी बनवलेली ही यंत्रे रसायनशास्त्राच्या कामी लावण्याची ही कल्पना त्या काळी अपरिचित होती. १९४८ मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली आणि त्याच वर्षी भौतिकशास्त्रज्ञ एडवर्ड डेहॉफ यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

पुढील तीन वर्षे, १९५१ पर्यंत, त्यांनी रॉकफेलर संस्थेत डंकन मॅकिनेस यांच्याकडे विद्युत् रसायनशास्त्रावर काम केले. १९५२ मध्ये कुटुंब मेरीलँड राज्यात स्थलांतरित झाले. रूथ आणि ज्युडिथ या दोन मुलींच्या संगोपनाच्या या काळात त्यांचे संशोधन थांबले. १९५७ ते १९५९ या काळात त्यांनी मेरीलँड विद्यापीठात एलिस लिपिनकॉट यांच्यासोबत रासायनिक बंधांवर काम केले. १९६० मध्ये रॉबर्ट लेडली यांच्या नॅशनल बायोमेडिकल रिसर्च फाउंडेशन या संस्थेत त्या सहसंचालक म्हणून दाखल झाल्या, तेव्हा त्या पस्तीस वर्षांच्या होत्या. ज्या कामामुळे त्यांचे नाव आज घेतले जाते ते सारे याच्या पुढचे आहे.

त्या वेळी प्रथिनातील अ‍ॅमिनो आम्लांचा क्रम शोधणे अत्यंत कष्टाचे होते. फ्रेडरिक सँगर यांनी इन्सुलिनचा ५१ अ‍ॅमिनो आम्लांचा क्रम निश्चित केल्याला काही वर्षेच झाली होती. प्रथिनाचे विकरांनी किंवा रसायनांनी लहान लहान तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्याचा क्रम काढायचा, आणि मग एकमेकांवर आच्छादणाऱ्या टोकांवरून मूळ साखळी जुळवायची, अशी ही पद्धत होती. फाटलेल्या पोथीच्या अनेक प्रतींच्या तुकड्यांवरून मूळ पाठ उभा करण्यासारखेच हे काम आहे. डेहॉफ आणि लेडली यांनी १९६२ मध्ये या जुळवाजुळवीसाठी आय.बी.एम. ७०९० या संगणकावर चालणारी 'कॉम्प्रोटीन' ही आज्ञावली मांडली. हाताने दीर्घ काळ खाणारे काम तिने काही मिनिटांवर आणले.

१९६५ मध्ये डेहॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'अ‍ॅटलास ऑफ प्रोटीन सिक्वेन्स अँड स्ट्रक्चर' हा संग्रह प्रसिद्ध केला. तोवर ज्ञात असलेल्या ६५ प्रथिनांचे क्रम त्यात एकत्र आले. निरनिराळ्या नियतकालिकांत विखुरलेले, वेगवेगळ्या पद्धतीने लिहिलेले आणि अधूनमधून चुकलेले हे क्रम तपासून, एकसारख्या मांडणीत, शेजारी शेजारी ठेवले गेले. शेजारी ठेवल्यामुळेच त्यांच्यातील नाते दिसू लागले. १९६६ मध्ये रिचर्ड एक आणि डेहॉफ यांनी फेरेडॉक्सिन या लहान प्रथिनाचा अभ्यास करून, ते एखाद्या आणखी लहान पूर्वज प्रथिनाच्या द्विगुणनातून घडले असावे, असे दाखवले. संगणकाच्या साहाय्याने प्रथिनांच्या क्रमांवरून वंशवृक्ष काढण्याच्या पहिल्या प्रयत्नांमध्ये या दोघांचे काम मोडते. याच सुमारास लिपिनकॉट, एक आणि कार्ल सेगन यांच्यासमवेत डेहॉफ यांनी ग्रहांच्या वातावरणातील रासायनिक समतोलावरही गणिते केली. १९६७ मधील हा शोधनिबंध त्यांच्या चाहत्यांनाही पुष्कळदा ठाऊक नसतो.

एकाक्षरी लिपी

डेहॉफ यांचे सर्वाधिक वापरले जाणारे काम बहुधा त्यांच्या नावाशिवायच वापरले जाते. अ‍ॅमिनो आम्लांची नावे पूर्वी तीन अक्षरी संक्षेपांत लिहीत. पंचकार्डावर जागा मोजकी, संगणकाची स्मृती त्याहून मोजकी. तेव्हा प्रत्येक आम्लाला एकच रोमन अक्षर देण्याची पद्धत त्यांनी आकाराला आणली. ग्लायसिनला 'जी', अ‍ॅलनिनला 'ए' अशी काही अक्षरे नावावरूनच आली. नावांची आद्याक्षरे एकच असल्याने पुढे अडचण झाली. फेनिलअ‍ॅलनिनला उच्चारावरून 'एफ' मिळाले. लायसिनसाठी 'एल' शिल्लक नव्हते, म्हणून वर्णमालेत त्याच्या शेजारचे 'के' दिले गेले. ट्रिप्टोफॅनच्या वाट्याला 'डब्ल्यू' आले, कारण रेणूतील जोडवलय त्या रुंद अक्षराने लक्षात राहते, असे सांगितले जाते. १९६८ मध्ये आंतरराष्ट्रीय नामकरण आयोगाने एकाक्षरी पद्धतीचे नियम प्रसिद्ध केले. आज जगातील कोणत्याही प्रयोगशाळेत प्रथिनाचा क्रम याच अक्षरांत लिहिला जातो.

पॅम सारणी

दोन प्रथिने एकमेकांशी किती जवळची आहेत हे ठरवताना, किती अक्षरे जुळतात एवढे मोजून भागत नाही. ल्युसिनच्या जागी आयसोल्युसिन येणे ही किरकोळ बाब आहे, कारण दोन्ही आम्ले आकाराने व स्वभावाने सारखी आहेत. ट्रिप्टोफॅनच्या जागी दुसरे काही येणे मात्र क्वचित घडते आणि घडले तर प्रथिन बहुधा निकामी होते. कोणता बदल निसर्गात कितपत खपतो, हे डेहॉफ यांनी अंदाजाने ठरवले नाही. त्यांनी ते मोजले.

किमान ८५ टक्के सारखे असलेले क्रम निवडून, ७१ प्रथिनगटांतील १,५७२ बदलांची नोंद त्यांच्या गटाने केली. त्यावरून वीस आडव्या आणि वीस उभ्या रकान्यांची सारणी तयार झाली. तिचे सविस्तर रूप १९७८ मध्ये अ‍ॅटलासच्या पुरवणीत आले. तिला 'पॅम' म्हणतात. निवडीच्या चाळणीतून टिकलेला एकेका जागेवरील बदल असा त्या संक्षेपाचा अर्थ आहे. एक पॅम म्हणजे दर शंभर आम्लांमागे एक स्वीकृत बदल होण्याइतके अंतर. ही सारणी स्वतःशीच पुन्हापुन्हा गुणली असता दूरच्या नात्यांसाठीच्या सारण्या मिळतात. त्यांपैकी पॅम २५० विशेष प्रसिद्ध आहे. एखादी जोडी केवळ योगायोगाने जितक्या वेळा आली असती त्यापेक्षा किती अधिक वेळा आढळते, यावरून त्या जोडीला गुण दिले जातात. क्रमांचा शोध घेणाऱ्या पुढील काळातील संगणकीय साधनांनी हीच कल्पना उचलली. १९९२ मध्ये स्टीव्हन आणि जोर्जा हेनिकॉफ यांनी 'ब्लोसम' ही सारणी मांडली आणि अनेक कामांत तिने पॅमची जागा घेतली. तिची आधारसामग्री व पद्धत निराळी असली, तरी प्रत्यक्ष बदल मोजून गुण ठरवण्याचा मार्ग डेहॉफ यांनीच घालून दिलेला होता.

संग्रहाचे मोल

या कामाला त्या काळात सहज मान मिळाला असे म्हणता येत नाही. जीवशास्त्रात प्रतिष्ठा होती ती प्रयोगाला. दुसऱ्यांनी शोधलेले क्रम गोळा करणे, तपासणे आणि छापणे हे अनेकांना संशोधनापेक्षा कारकुनी काम वाटे. आपले अप्रकाशित क्रम संग्रहासाठी देण्यास प्रयोगशाळा कचरत, कारण प्रकाशनाचे श्रेय हातचे जाण्याची धास्ती होती. निधीची चणचण कायमची होती. खर्च भागवण्यासाठी अ‍ॅटलास आणि पुढे त्याच्या चुंबकीय फिती विकल्या जात, त्यांवर स्वामित्वहक्क ठेवला जाई; आणि आमचीच माहिती आम्हाला विकत का, असा प्रश्न प्रयोग करणाऱ्यांकडून विचारला जाई. दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य होते. संग्रह सांभाळण्याला पैसा लागतो हे निधी देणाऱ्यांनी मान्य केले नव्हते, आणि खुली माहिती अधिक वेगाने वाढते हे डेहॉफ यांच्या संस्थेने.

१९८० मध्ये दूरध्वनीच्या तारेवरून संगणकाला जोडून शोधता येणारा न्यूक्लिक आम्लांच्या क्रमांचा साठा त्यांच्या संस्थेने सुरू केला होता. तरीही १९८२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी 'जेनबँक' या सार्वजनिक साठ्याचे कंत्राट दिले ते लॉस अ‍ॅलमॉस येथील वॉल्टर गोड यांच्या गटाच्या सहभागाने मांडलेल्या प्रस्तावाला. माहितीवर मालकी न सांगण्याची लॉस अ‍ॅलमॉसच्या गटाची तयारी त्या निर्णयात मोलाची ठरली. डेहॉफ यांनी प्रथिनांच्या साठ्यासाठी स्वतंत्र प्रस्ताव पाठवला आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत, वयाच्या ५७ व्या वर्षी, हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये हा साठा कार्यान्वित केला. 'प्रोटीन इन्फर्मेशन रिसोर्स' या नावाने वाढलेला हा साठा २००२ मध्ये युरोपातील स्विस-प्रॉट व ट्रेम्बल यांच्याशी एकत्र येऊन 'युनिप्रॉट' झाला.

बायोफिजिकल सोसायटीशी डेहॉफ यांचे नाते दीर्घ होते. त्या संस्थेच्या सचिव होत्या आणि १९८०–८१ मध्ये अध्यक्ष झाल्या. ही दोन्ही पदे भूषविणाऱ्या त्या पहिल्या महिला होत. निधनानंतर वर्षभरातच पुरस्काराचा निधी उभा राहिला, यामागे हे नाते आहे.

खंडाचा नियम आणि डेहॉफ यांची वर्षे

पुरस्काराचा नियम खुद्द डेहॉफ यांच्या कारकिर्दीला लावून पाहणे उद्बोधक ठरते. १९४८ च्या पीएच.डी.पासून कॅलेंडरची दहा वर्षे सलग मोजली, तर मुदत १९५८ मध्ये संपते. त्या वेळी त्यांच्या नावावर प्रथिनांसंबंधी एकही काम नव्हते. लेडली यांच्या संस्थेत त्या आल्यासुद्धा नव्हत्या. सलग मोजणाऱ्या समितीच्या दृष्टीने त्या, संधी मिळूनही फारसे काही न केलेल्या संशोधक ठरल्या असत्या.

आता खंड वगळून मोजावे. १९४८ ते १९५१ ही तीन वर्षे, १९५७ ते १९५९ ही दोन, आणि १९६० पासून पुढची पाच. दहावे वर्ष पूर्ण होते १९६५ मध्ये, म्हणजे अ‍ॅटलासच्या पहिल्या आवृत्तीच्या वर्षी. नियम बनवणाऱ्यांनी हा हिशेब मांडला होता असे समजण्याचे कारण नाही, आणि वर्षांची ही गणना ढोबळच आहे. पण दोन मोजपट्ट्यांतील अंतर त्यातून दिसते. एका मोजपट्टीने डेहॉफ पूर्णपणे बाहेर राहतात, दुसरीने त्या आपल्या सर्वोत्तम कामासह आत येतात.

केवळ महिलांसाठी असलेल्या पुरस्कारांविषयी मतभेद आहेत. वेगळी रांग केल्याने मुख्य रांगेतील अन्याय झाकला जातो, असा एक आक्षेप आहे. डेहॉफ पुरस्काराबाबत तो निम्मा लागू पडतो, कारण खंड वगळून वर्षे मोजण्याची पद्धत महिलांपुरतीच असण्याचे तात्त्विक कारण नाही. आजारपण, वृद्धांची शुश्रूषा वा अपत्यसंगोपन यांसाठी थांबलेल्या कोणालाही ती लागू करता येईल. मात्र १९८४ मध्ये हा नियम लिहिला गेला तेव्हा खंडाची किंमत प्रामुख्याने महिला मोजत होत्या, हेही खरे आहे.

मानकरी

पुरस्काराच्या पहिल्या मानकरी बॉनी अ‍ॅन वॉलेस या होत. पटलातील प्रथिने आणि वर्तुळी द्विवर्णता या प्रकाशीय पद्धतीवर त्यांचे काम आहे. पुढे त्या लंडनच्या बर्कबेक महाविद्यालयात प्राध्यापक झाल्या आणि जगभरातील प्रयोगशाळांनी नोंदवलेले प्रथिनांचे द्विवर्णता वर्णपट एकत्र करणारा खुला साठा त्यांनी रॉबर्ट जेन्स यांच्यासह उभारला. डेहॉफ यांच्या नावाचा पहिला पुरस्कार पुढे स्वतः संग्राहक झालेल्या शास्त्रज्ञाकडे गेला, हा योग नोंद घेण्याजोगा आहे.

ब्रँडाइस विद्यापीठातील डोरोथी कर्न या आणखी एक मानकरी. विकर काम करीत असताना त्याचा रेणू कसा हलतो, हे त्यांनी केंद्रकीय चुंबकीय संस्पंदनाच्या साहाय्याने मोजले. पुढे त्यांच्या गटाने आजच्या प्रथिनांच्या क्रमांवरून कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या पूर्वज प्रथिनांचे क्रम अनुमानाने काढले आणि ती प्रथिने प्रयोगशाळेत प्रत्यक्ष तयार केली. एक आणि डेहॉफ यांनी १९६६ मध्ये कागदावर केलेल्या अनुमानाचे हे परीक्षानळीतले रूप होय.

जेनिफर रॉस (२०१३) यांचे संशोधन पेशीच्या सांगाड्यातील सूक्ष्मनलिका आणि त्यांवरून ओझे वाहणारी चालक प्रथिने यांवर आहे. मिशिगन विद्यापीठातील ज्युली बाइटीन (२०१७) जिवंत जीवाणूंच्या आत एकेका रेणूचा मागोवा घेतात. मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील गॅब्रिएला श्लाउ-कोहेन (२०२१) यांनी प्रकाशसंश्लेषणात प्रकाशाची ऊर्जा एका रेणूकडून दुसऱ्याकडे कशी जाते याचा अभ्यास केला आहे. या नावांवरून जीवभौतिकीचा पसारा लक्षात येतो.

तत्सम पुरस्कार

बायोफिजिकल सोसायटी (स्थापना १९५८) तरुण संशोधकांसाठी मायकेल अँड केट बारानी पुरस्कारही देते. तो पुरुष व महिला दोघांसाठी आहे आणि पूर्ण प्राध्यापकपदापर्यंत न पोहोचलेल्या संशोधकांना दिला जातो. एकरेणवीय जीवभौतिकीतील तेकजिप हा हे २००७ चे मानकरी आहेत. ज्यांच्या नावे तो आहे ते मायकेल बारानी हे मूळ हंगेरीचे. मायोसिन या प्रथिनाची विकरक्रिया जितकी वेगवान तितका स्नायू अधिक वेगाने आकुंचन पावतो, हे त्यांनी १९६७ मध्ये दाखवले. संगणकीय जीवशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संस्थेचा ओव्हर्टन पुरस्कार २००१ पासून दिला जातो. तोही २००० मध्ये अकाली निधन पावलेल्या जी. ख्रिश्चन ओव्हर्टन या शास्त्रज्ञाच्या स्मरणार्थ असून त्या क्षेत्रात कारकिर्दीच्या पूर्वार्धात किंवा मध्यावर असलेल्या संशोधकांसाठी राखलेला आहे.